जे-५८५ : एका उघड्या मोटारीचा माग



वसंतातल्या संध्याकाळी वेदान्त, इतिहास, शेती आणि रंगभूमी या विषयांवरची व्याख्याने ऐकण्याची आपल्याला सवय आहे. त्या पंगतीत 'जुन्या अमेरिकन उघड्या मोटारींचा शोध' हे पक्वान्न कुठून आले, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. श्रीमंतांची ही हौस. तिचा आमच्या संसाराशी काय संबंध? हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला असता तर आम्ही तो निमूटपणे ऐकून घेतला असता. विश्रांतवाडीकरांना मात्र तो विचारण्याचा अधिकार नाही. येथून आळंदी रस्त्याने पुण्याकडे निघालो की फुलेनगरला आर.टी.ओ.चे कार्यालय लागते. ज्याने म्हणून जुनी गाडी घेतली वा विकली असेल, त्याला आर.टी.ओ.च्या कामातला एक विधी ठाऊक असतो. गाडीच्या सांगाड्यावर, म्हणजे चॅसिसवर, ठोकलेल्या नंबरावर पातळ कागद धरायचा, वरून पेन्सिल आडवी घासायची, आणि कागदावर उमटलेली काळपट आकड्यांची ओळ अर्जाला चिकटवायची. गाडीचा रंग कोणता, गाद्या कसल्या, मालकाचा रुबाब केवढा, याच्याशी त्या ओळीला काही कर्तव्य नसते. गाडी दहा वेळा रंगवली, तिचे दहा मालक झाले, तरी ही ओळ तीच राहते; आणि ती राहिली नाही तर पोलिसात जावे लागते.

आजचा आमचा विषय ह्या पेन्सिलीच्या ओळीचा आहे. फरक इतकाच, की कागद थोडा मोठा आहे. त्याचे एक टोक अमेरिकेतील इंडियाना संस्थानात, दुसरे लंडनमध्ये, आणि तिसरे आपल्या होळकरांच्या इंदूरला आहे.

ज्या मोटारीविषयी आम्ही बोलणार, तिचे नाव ड्यूसेनबर्ग. नाव जर्मन आहे. फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग हे दोघे भाऊ लहानपणी जर्मनीतून अमेरिकेतल्या आयोवा प्रांतात गेले. आधी सायकली, मग मोटारी, मग शर्यतीच्या मोटारी, असा त्यांचा प्रवास झाला. १९२१ साली फ्रान्समधील ल मां येथे झालेली ग्रां प्री शर्यत त्यांच्या गाडीने जिंकली. इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत १९२४, १९२५ आणि १९२७ साली त्यांच्याच गाड्यांनी मारली. पण शर्यत जिंकणे निराळे आणि जमाखर्च जमवणे निराळे. दुसऱ्या विद्येत हे बंधू कच्चे होते. १९२६ साली ई. एल. कॉर्ड नावाच्या धडाडीच्या व्यापाऱ्याने त्यांचा कारखाना विकत घेतला आणि फ्रेडला सांगितले की किमतीचा विचार करू नकोस, सर्वांत उत्तम मोटार तयार कर. १ डिसेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती मोटार लोकांपुढे आली. तिचे नाव 'मॉडेल जे'.

आठ सिलिंडर एका ओळीत, प्रत्येक सिलिंडरला चार झडपा, सुमारे ६.९ लिटरचे इंजिन, आणि कारखान्याच्या सांगण्याप्रमाणे २६५ अश्वशक्ती. त्याच वेळी सामान्य अमेरिकन माणूस जी फोर्ड 'मॉडेल ए' चालवत होता, तिची शक्ती ४० घोड्यांची होती आणि ती पाचशे डॉलरच्या आसपास मिळे. ड्यूसेनबर्गचा नुसता सांगाडाच ८,५०० डॉलरला होता. 'नुसता सांगाडा' हे शब्द आपण ध्यानात ठेवावेत, पुढची सगळी भानगड त्यांतूनच निघाली आहे. १९३२ साली हवा दाबून इंजिनात भरणारे यंत्र बसवलेली 'एस.जे.' ही आवृत्ती निघाली. तिची शक्ती ३२० घोड्यांची सांगत. त्याच वर्षी फ्रेड ड्यूसेनबर्ग स्वतःच्याच बनावटीची गाडी चालवत असता अपघातात सापडले आणि त्यानंतर न्यूमोनियाने वारले.

अशा गाडीला गिऱ्हाईक मिळण्याची वेळ मात्र फार वाईट होती. ती बाजारात येऊन वर्ष पुरे होते न होते तोच १९२९ सालच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. पाचशे सांगाडे विकायचा बेत होता. आठ वर्षांत सुमारे ४८० गेले, आणि १९३७ साली कारखाना बंद पडला. इंजिने बहुतेक सगळी सुरुवातीलाच तयार करून ठेवली होती, त्यामुळे १९३० साली ओतलेले इंजिन १९३५ साली नव्या गाडीत बसून बाहेर पडले, असेही घडे.

आता तो सांगाडा. त्या काळी कापड गिरणीतून घ्यायचे आणि शिवायला आपल्या शिंप्याकडे टाकायचे, तशी ही मोटार घेत. कारखाना चाके, इंजिन, चौकट आणि पुढचा दर्शनी भाग देई. वरचा साटा, म्हणजे ज्याला आपण बॉडी म्हणतो तो, गिऱ्हाइकाने आपल्या आवडत्या कारागिराकडून चढवून घ्यायचा. कोणी बंद मोटार करवून घेई, कोणी पाठीमागे शेटजी आणि पुढे उन्हापावसात ड्रायव्हर अशी. पण ज्यांच्या नावाने ही गाडी आज ओळखली जाते त्या उघड्या मोटारी. टप चढवला की बंद, पाडला की आकाश मोकळे. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे मर्फी नावाची साटे बांधणारी पेढी होती. तिने बांधलेल्या दोन दारी उघड्या गाडीचा टप दुमडून मागच्या पत्र्याखाली असा नाहीसा होई की गाडीला कधी टप होता याची शंकासुद्धा येऊ नये.

तेव्हा एकाच कारखान्याच्या, एकाच मॉडेलच्या ह्या ४८० गाड्यांत दिसायला अगदी एकसारख्या गाड्या थोड्याच होत्या. आणि तरी आज नव्वद वर्षांनंतर त्यांतल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक गाड्या कुठे आहेत, कोणाकडे आहेत, मधल्या काळात कोणाकोणाकडे होत्या, हे सांगता येते. सरकारने केलेल्या कुठल्याही नोंदीमुळे हे झालेले नाही. हे काम हौशी लोकांनी केले. महायुद्धानंतर ह्या गाड्या भंगाराच्या मोलाने, काही शे डॉलरला मिळत. पेट्रोल पिणाऱ्या ह्या पांढऱ्या हत्तीला कोण पोसणार? नेमक्या त्याच पडत्या काळात काही माणसे वहीत नंबर उतरवून घेऊ लागली. १९५१ साली एल्बर्ट यांचे ड्यूसेनबर्गवरील पुस्तक निघाले. १९५२ साली ऑबर्न, कॉर्ड आणि ड्यूसेनबर्ग ह्या तीन भावंड-मोटारींच्या हौशी लोकांचा क्लब निघाला. इंडियानातील ऑबर्न गावी, जेथे ऑबर्न कंपनीची कचेरी आणि दर्शनी दालन होते, त्याच इमारतीत १९७४ साली संग्रहालय उघडले.

नाशिकला वा त्र्यंबकेश्वरला गेल्यावर तीर्थोपाध्याय आपल्याला आडनाव आणि गाव विचारतात, आणि मग जाडजूड वही काढून आपल्या पणजोबांची सही दाखवतात. आपण ज्यांना कधी पाहिले नाही असे आपले चुलत-चुलत आजोबा त्या वहीत नांदत असतात. ड्यूसेनबर्गवाल्यांची वही अगदी तशीच आहे. गाडी म्हणजे घराणे, इंजिनाचा नंबर म्हणजे आडनाव, आणि त्याखाली मालकांच्या पिढ्या. हे नंबर 'जे' अक्षराने सुरू होतात, पहिला जे-१०१. एखादा ड्यूसेनबर्गचा अभ्यासक भेटला आणि त्याला आपण म्हणालो, 'अहो, ती निळी उघडी गाडी आम्ही पाहिली होती', तर तो नुसता हसेल. पण 'जे-५५७' असे म्हटले की तो खुर्ची ओढून पुढे सरसावेल.

इंजिनाचाच नंबर का, सांगाड्याचा का नव्हे, असे कोणी विचारील. त्याचे कारण साधे व्यवहाराचे आहे. त्या काळी अमेरिकेतील अनेक संस्थानांत मोटारीची मालकी इंजिनाच्या नंबराखाली नोंदवत. म्हणून जुने दस्तऐवज त्याच नंबराचे सापडतात, आणि जिथे दस्तऐवज तिथेच शोध करणाऱ्याचा मुक्काम. सांगाड्याला निराळा नंबर असतो, आणि साटा बांधणारी पेढी आपला तिसराच नंबर कुठेतरी लाकडावर वा पत्र्यावर घालून ठेवी. असे हे तीन नंबर. कारखान्यातून गाडी बाहेर पडली त्या दिवशी ज्या तिघांची गाठ पडली, तेच तिघे आज एकत्र असतील तर तो क्लब त्या गाडीला पहिल्या वर्गाचा दाखला देतो.

तिघांची ताटातूट पुष्कळ वेळा झालेली असते. चौथ्या दशकातच शिकागोकडच्या काही विक्रेत्यांनी हा उद्योग चालवला होता. बंद मोटारीला गिऱ्हाईक नाही, उघडीला आहे. मग एका गाडीचा उघडा साटा काढून दुसरीच्या सांगाड्यावर चढवायचा. पुढे किमती वाढल्या तशी ही विद्याही वाढली. मूळच्या अवजड बंद मोटारीवर सुबक उघडा साटा नव्याने बांधून घातला, की तिची किंमत कितीतरी पट होई. एस.जे. प्रकारच्या गाड्या मुळात छत्तीसच्या आसपासच निघाल्या. त्यांच्या बॉनेटच्या बाजूने धुराच्या चकचकीत लवचिक नळ्या बाहेर येत. त्या इतक्या आवडल्या की ज्यांच्या इंजिनात हवा दाबणारे यंत्र मुळीच नाही अशा गाड्यांनाही लोकांनी त्या लावून घेतल्या. नळ्या पाहून एस.जे. ओळखणे म्हणजे पगडी पाहून शास्त्री ओळखण्यासारखे आहे.

पुणेकरांना हा प्रकार नवा नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवणारा तोतया निघाला, त्याच्यामागे फौज जमली, किल्ले त्याच्या हाती गेले, आणि १७७६ साली त्याचा निकाल लागेपर्यंत शहाण्यासुरत्या माणसांनीही त्याला मुजरे केले होते. चेहरेपट्टी जुळत होती ना! शेवटी त्याच्या तोंडच्या हकिकतीची एकेक गोष्ट तपासावी लागली. चेहरेपट्टीचा पुरावा किती तोकडा, हे पुण्याला तेव्हाच समजले. राजवाड्यांनी आणि त्यांच्यामागून भारत इतिहास संशोधक मंडळाच्या मंडळींनी मराठ्यांच्या इतिहासाचे कागद असेच पारखले. अस्सल कोणता, नक्कल कोणती, बनावट कोणता. शाई कोणती, मोर्तब कुणाचे, तिथी-वार जुळतो का. मोटारींचा शोध करणाऱ्यांची रीत ह्याहून वेगळी नाही.

एक बाब मात्र आम्हांला येथे स्पष्ट करावीशी वाटते. साटा बदललेली प्रत्येक गाडी तोतया नव्हे. देवळाचा जीर्णोद्धार होतो. शिखर नवे, सभामंडप नवा, कधी गाभाऱ्याच्या भिंतीही नव्या. तरी देऊळ तेच असते, कारण कोणी काय बदलले याचा शिलालेख दाराशी लावलेला असतो. लबाडी बदलण्यात नाही, बदल दडवण्यात आहे. १९३५ साली यूटा प्रांतातील बॉनव्हिलच्या खाऱ्या मैदानावर ॲब जेन्किन्स याने एका खास ड्यूसेनबर्ग एस.जे.वर चोवीस तास सतत ताशी सरासरी सुमारे १३५ मैल वेगाने मोटार पळवली. ती आताच सांगितलेली जे-५५७. पुढे आणखी विक्रमांसाठी तीत चक्क विमानाचे इंजिन बसवले गेले, त्यानंतर पुन्हा मूळचे आले, आणि जेन्किन्स ती साध्या रस्त्यावर चालवू लागला. इतकी स्थित्यंतरे झाली तरी तिचा प्रत्येक टप्पा नोंदलेला असल्यामुळे ती जे-५५७ च राहिली. २००७ साली कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या प्रसिद्ध मेळ्यात तिला पहिला मान मिळाला. त्याच १९३५ साली कारखान्याने आखूड सांगाड्याच्या दोनच उघड्या गाड्या केल्या; एक गॅरी कूपर आणि दुसरी क्लार्क गेबल ह्या नटांसाठी. दोन्ही आजही आहेत. कूपरची गाडी २०१८ साली लिलावात २ कोटी २० लाख डॉलरला गेली, तेव्हा ती अमेरिकन मोटारीला लिलावात मिळालेली सर्वांत मोठी किंमत होती. किमतीचा मोह आपल्याला नाही; पण एवढा पैसा देणारा माणूस काय विकत घेत होता? पत्रा तर पुष्कळ ठिकाणी मिळतो. तो जे-५६३ हा आकडा आणि त्यामागचा न तुटलेला कागद विकत घेत होता.

आता आपण इंदूरला जाऊ. यशवंतराव होळकर म्हटले की पुणेकरांना २५ ऑक्टोबर १८०२ ची हडपसरची लढाई आठवते आणि त्या नावाने जरा कापरे भरते. आम्ही सांगतो ते यशवंतराव दुसरे. त्यांचे वडील तिसरे तुकोजीराव. १९२५ सालच्या जानेवारीत मुंबईच्या मलबार हिलवर एका मोटारीवर हल्ला होऊन बावला नावाच्या व्यापाऱ्याचा खून झाला, त्याचे धागेदोरे इंदूरपर्यंत गेले, आणि चौकशीला तोंड देण्याऐवजी १९२६ साली तुकोजीरावांनी पदत्याग केला. गाडीपायी गादी गेली, असे म्हणायला हरकत नाही. यशवंतराव अवघ्या सतरा वर्षांचे असताना गादीवर आले. शिक्षण इंग्लंडात, पत्नी संयोगिताराजे कागलच्या घाटगे घराण्यातील. युरोपात तेव्हा चित्रकला, वास्तुकला, घरातल्या वस्तू, सगळ्यालाच नवे वळण लागत होते, आणि ह्या तरुण जोडप्याला त्याची नजर होती. एकार्ट म्यूथेसियस ह्या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून त्यांनी इंदूरला माणिकबाग हा राजवाडा १९३० च्या सुमारास बांधवला. त्यात जरीचे लोड नव्हते की झुंबरे नव्हती. नळीच्या खुर्च्या, काच, साध्या सपाट भिंती. दरबारी मंडळींना तो कसा वाटला असेल याची आपण कल्पना करू शकतो.

अशा माणसाने मोटार मागवली तर ती कोणती मागवणार? १९३५ च्या सुमारास ड्यूसेनबर्ग एस.जे. चा एक सांगाडा अमेरिकेतून लंडनला आला. इंजिन जे-५८५, म्हणजे 'जे' मालिकेच्या अगदी शेवटच्या टोकाचे. चेल्सी भागातल्या गर्नी नटिंग ह्या साटे बांधणाऱ्या पेढीने त्यावर उघडा साटा चढवला. प्रचंड लांब बॉनेट, मोजक्याच माणसांपुरती बैठक, आणि मागे माशाच्या शेपटीसारखा निमुळता होत गेलेला डौल. रंग नारिंगी आणि काळा. अमेरिकेतल्या अनेक ड्यूसेनबर्गांशेजारी ही उभी केली तर त्या साऱ्या जरा जाड्याभरड्या वाटतात, असे आमचे मत आहे. त्यात इंदूरचा अभिमान मिसळला असल्यास श्रोत्यांनी तेवढा वजा करावा. यंत्र अमेरिकेचे, शिवण लंडनची, आणि पसंती एका मराठी संस्थानिकाची. अमेरिकन वहीत ह्या गाडीच्या नावापुढे 'महाराजा होळकर' असे लिहिलेले असते, आणि तीच तिची आजही ओळख आहे.

तिच्या पुढच्या अंगाला एक तांबडा आणि एक निळा दिवा असल्याचे वर्णन येते. गाडीत महाराज आहेत की महाराणी, हे चौकातल्या शिपायाला लांबूनच कळावे म्हणून ते होते, असे सांगतात. गोष्ट गोड आहे. परंतु मघाचा राजवाडे-मंडळाचा चष्मा आपण डोळ्यांवर ठेवला तर दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. दिवा ही वस्तू आहे, ती पाहता येते. दिव्याचे कारण ही ऐकीव हकिकत आहे. ती खरी नसेल असे आम्ही म्हणत नाही. तिला दुसऱ्या कागदाचा आधार लागतो एवढेच. संयोगिताराजे १९३७ साली स्वित्झर्लंडमध्ये अकालीच वारल्या. म्हणजे त्या दिव्याला महाराणींचे येणे जाहीर करायला फार थोडे दिवस मिळाले.

पुढचा भाग थोडक्यात सांगून होण्यासारखा आहे. १९४८ साली इंदूर संस्थान मध्यभारतात विलीन झाले. यशवंतराव १९६१ साली मुंबईस वारले. माणिकबागेतले फर्निचर १९८० साली मोनॅकोला लिलावात निघाले आणि जगभरच्या संग्रहांत विखुरले. वाड्यात अबकारी खात्याची कचेरी आली. मोटार अमेरिकेला गेली. जिथे तिचे इंजिन ओतले होते त्या देशात ती परत पोचली, आणि तिथे तिच्यासाठी वही तयारच होती. ह्या घटनेविषयी आमच्या मनात दोन भाव आहेत. एक दुःखाचा, तो आपण सांगितल्याशिवाय ओळखाल. दुसरा असा, की संस्थाने गेल्यावर संस्थानिकांच्या अनेक गाड्या कोठीत सडल्या, कोंबड्यांची खुराडी झाल्या, कापून भंगारात गेल्या. परदेशातल्या गिऱ्हाइकांनीही पुष्कळ नेल्या. शेवटी सरकारला जुन्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. १९५० पूर्वीच्या मोटारी तशा बाहेर नेता येत नाहीत. हा निर्बंध योग्यच आहे. परंतु दाराला कुलूप लावल्याने घरात काय काय आहे त्याची यादी होत नाही.

ही यादीची गोष्ट आपल्याला इंदूरहून घरी आणते. उघडी अमेरिकन मोटार ही काही केवळ महाराजांची मिरास नव्हती. मुंबईच्या शिवडीला जनरल मोटर्सने जुळणीचा कारखाना काढला आणि ४ डिसेंबर १९२८ रोजी तिथून पहिली शेव्हरोले बाहेर पडली. ती टपाची उघडी 'टूरिंग' गाडी होती. आपल्या लक्षात आले असेल, न्यूयॉर्कला मॉडेल जे लोकांपुढे आली त्यानंतर बरोबर तीन दिवसांनी. तिकडे ४८० गाड्या निघाल्या, आणि त्यांतली जवळजवळ प्रत्येक आज कोणाच्या तरी वहीत आहे. शिवडीहून निघालेल्या टपाच्या गाड्यांनी आपल्या तालुक्यातालुक्यांतून डॉक्टर, वकील, कंत्राटदार आणि नवरदेव वाहिले. पुढे काहींच्या साटे कापून टॅक्स्या आणि माल वाहणाऱ्या गाड्या झाल्या. त्यांची वही कुठे आहे? वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज आणि प्लिमथ जुळू लागल्या. १९५३ साली सरकारने धोरण ठरवले की ज्यांना हळूहळू संपूर्ण गाडी येथेच बनवायची नसेल त्यांनी नुसती जुळणी बंद करावी, आणि १९५४ साली जनरल मोटर्सने शिवडीचे दार लावले. धोरण देशाच्या हिताचे होते. पण कारखाना बंद होताना कागद कुठे जातात, हा प्रश्न त्या वेळी कोणाच्या डोक्यात येण्याचे कारण नव्हते.

आणि आपल्या ह्याच भागात, खडकी-दिघीच्या लष्करी डेपोंच्या शेजारी राहणाऱ्यांना तर एका अमेरिकन उघड्या गाडीची ओळख करून द्यायलाच नको. टप कॅनव्हासचा, दारे नाहीत, काच पुढे पाडता येते. महायुद्धानंतर निरुपयोगी लष्करी सामान विकायला निघाले तेव्हा जीप गाड्या देशभर शेतकऱ्यांनी आणि पुढाऱ्यांनी घेतल्या. जीप दोन कारखान्यांनी बनवली, विलिस आणि फोर्ड; वरून दोन्ही जुळ्या. फोर्डने आपल्या गाडीच्या बोल्टांवरसुद्धा आपले 'एफ' अक्षर कोरले होते. आजही एखाद्या जुन्या जीपवर गंज खरवडून पाहावे. बोल्टाच्या डोक्यावर ते अक्षर सापडले, आणि एकाच नव्हे तर ठिकठिकाणी सापडले, की तिचे कुळ ठरवायला बळकट पुरावा हाती आला. चेल्सीची शिवण नाही, नारिंगी रंग नाही, पण माग काढण्याची विद्या तीच.

ह्या विद्येला अलीकडे कायद्याचा आधारही मिळाला आहे. २०२१ सालच्या जुलैत केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणी सुरू केली. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्ही ए' अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापराला वा धंद्याला काढता येत नाही. मेळा, प्रदर्शन, अभ्यास, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची अट निराळी आहे. गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. सांगाडा, साटा आणि इंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे ऑबर्नच्या हौशी क्लबाने जे तीन नंबरांचे त्रिकूट धरले, तेच आपल्या नियमकर्त्यांनीही धरले. आणि दुसरी अट, येथेच नोंदलेल्या गाडीचे जुने आर.सी. बुक जोडावे लागते.

येथे घोडे अडते. गाडी पुष्कळदा असते. वाड्याच्या पडवीत, विटांवर ठेवलेली, टपाचे कापड उंदरांनी खाल्लेली. पण पुस्तक नसते. वाटण्या झाल्या तेव्हा भांडी वाटली, दागिने वाटले, कागद कोणीच मागितले नाहीत. ते दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे गेले. पुस्तक गेले तरी सगळे गेले असे समजू नये. अमेरिकेतल्या मंडळींनी ज्या धाग्यांवर काम केले ते आपल्याही घरात असतात. लग्नाच्या फोटोत गाडीच्या पाटीवरचा नंबर दिसतो. विम्याच्या जुन्या पावतीवर इंजिनाचा नंबर असतो. आजोबांच्या रोजकीर्दीत पेट्रोलचा आणि टायरचा खर्च तारीखवार लिहिलेला असतो, आणि गाडी विकली त्या दिवशी घेणाऱ्याचे नाव आणि रक्कम. ज्या गॅरेजवाल्याच्या वडिलांनी ते इंजिन उतरवले होते तो अजून नाना पेठेत वा भवानी पेठेत बसलेला असेल. ड्यूसेनबर्गची वही ह्याहून उच्च दर्जाच्या साधनांतून तयार झालेली नाही.

तेव्हा व्याख्यान संपल्यावर लगेच उठू नये, अशी विनंती आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी १९५४ पूर्वीची टपाची मोटार असेल, होती, किंवा तिचा नुसता फोटो असेल, त्यांनी दाराजवळच्या टेबलाशी थांबावे. तिथे एक कोरी वही ठेवली आहे. तीत पाच रकाने आखले आहेत : इंजिनाचा नंबर, सांगाड्याचा नंबर, पाटीवरचा नंबर, गाडी आली ते साल, आणि ती कोणाकडून आली. जेवढे ठाऊक असेल तेवढेच लिहावे. अंदाज लिहायचा असल्यास पेन्सिलीने लिहावा. पातळ कागदही ठेवले आहेत. ज्यांची गाडी अजून पडवीत उभी आहे त्यांनी एकेक घरी न्यावा.